कोणता ब्राउझर सुरक्षित? जालन्यातून पाहिलेली तीस वर्षे



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर आमच्याकडे जे निरोप आले, त्यांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा होता. "इतिहास वगैरे ठीक आहे, पण क्रोम वापरायचा की फायरफॉक्स, ते एका वाक्यात सांगा." सांगता येईल, आणि शेवटाकडे आम्ही सांगणारही आहोत. पण हाच प्रश्न १९९५ साली विचारला असता तर उत्तर वेगळे आले असते, २००४ साली वेगळे, आणि २०१४ साली तर फारच वेगळे. गंमत अशी की तिन्ही वेळा जालन्यातला माणूस ते उत्तर ऐकून घरी गेला असता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच जुना ब्राउझर उघडून बसला असता. त्याला कळत नव्हते म्हणून नाही, निवड त्याच्या हातातच नव्हती म्हणून. कधी ती अमेरिकेच्या निर्यात कायद्याने केलेली होती, कधी मराठी फॉन्टने, कधी निविदेच्या डिजिटल सहीने, तर कधी नेटपॅकच्या किमतीने. आज आपण ती निवड कोण कोण करत गेले ते बघू.

आधी एक साधी गोष्ट ठरवून घेऊ. ब्राउझर सुरक्षित असावा म्हणजे काय? तुम्ही बँकेचे पान उघडता तेव्हा वाटेत कोणी ऐकू नये. समोर खरोखर बँकच असावी, बँकेचे सोंग घेतलेला कोणी नसावा. आणि त्या पानाबरोबर जो प्रोग्राम तुमच्या यंत्रात येतो (हो, हल्ली जवळजवळ प्रत्येक पानाबरोबर येतोच) त्याने ओसरीवर बसावे, माजघरात शिरू नये. वाट, ओळख आणि ओसरी. तुलना करायची ती या तीन बाबतींत. वेग आणि दिसणे हे नंतरचे.

वाटेपासून सुरुवात करू. विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तेही महानगरांपुरते. त्या वेळी ब्राउझर म्हणजे नेटस्केप. वाटेवरचे बोलणे कुलूपबंद करण्याची एसएसएल ही पद्धत नेटस्केपनेच आणली. पण अमेरिकेच्या कायद्यात भक्कम गुप्तलेखन हे शस्त्रांच्या पंगतीला बसवलेले होते. त्यामुळे अमेरिकेबाहेर जी आवृत्ती जाई तिच्यातले कुलूप ४० बिटांचे, म्हणजे मुद्दाम कमकुवत केलेले. १९९५ च्या ऑगस्टमध्येच फ्रान्समधल्या डेमियन डोलिझेझ या संशोधकाने शंभरावर संगणक कामाला लावून आठ दिवसांत असे एक कुलूप उघडून दाखवले. पुढच्याच महिन्यात बर्कलीच्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी आणखी मोठी गोष्ट उघड केली. नेटस्केप किल्ली बनवताना जो 'यादृच्छिक' आकडा घेत होता, तो घड्याळातली वेळ आणि संगणकातल्या चालू कामांचे क्रमांक यांवरून काढलेला होता. म्हणजे कुलूप कितीही जाड असो, किल्ली पायपुसण्याखाली. ती चूक लगेच दुरुस्त झाली. पण निर्यातीवरची ही बंधने मोठ्या प्रमाणात सैल झाली ती जानेवारी २००० मध्येच. भारतातल्या पहिल्या वापरकर्त्यांना दुय्यम कुलूप मिळाले, आणि ते दुय्यम आहे हे बहुतेकांना कळलेही नाही.

आता जालन्यात येऊ. इथे इंटरनेट लोकांच्या हाताशी आले ते सायबर कॅफेतून आणि एमएस-सीआयटीच्या वर्गातून. ज्यांनी ते वर्ग केले त्यांना आठवत असेल, इंटरनेट म्हणजे पडद्यावरचा निळा 'ई'. 'ब्राउझर' हा शब्दच कोणी वापरत नसे. "इंटरनेट उघड" म्हणायचे आणि त्या 'ई'वर दोनदा टिचकी मारायची. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ च्या ऑगस्टमध्ये आली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जगातले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक तोच ब्राउझर वापरू लागले. प्रतिस्पर्धी संपला तशी मायक्रोसॉफ्टची घाईही संपली. सातवी आवृत्ती यायला थेट २००६ चा ऑक्टोबर उजाडला. मधली पाच वर्षे जग एकाच दाराने ये-जा करत होते, आणि ते दार कसे होते ते चोरांना पाठ झाले होते.

त्या दाराची सगळ्यात मोठी कमजोरी ॲक्टिव्हएक्स. वेबपानातून आलेला तुकडा थेट विंडोजमध्ये, तुमच्याच अधिकाराने चालायचा. ओसरीवर बसायला सांगितलेला पाहुणा सरळ कपाटे उघडतो, तसे. २००४ च्या जूनमध्ये एक हल्ला झाला. त्यात नावाजलेल्या साइट चालवणारे सर्व्हरच बिघडवले गेले. तुम्ही काही डाउनलोड करायची गरज नव्हती, एक्सप्लोररमधून पान नुसते उघडले की कळफलकावर टाइप होणारे सगळे टिपणारा प्रोग्राम आत यायचा. तेव्हा अमेरिकेच्या सरकारी सायबर यंत्रणेने उपायांच्या यादीत 'दुसरा ब्राउझर वापरा' असे चक्क लिहिले. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला फायरफॉक्स १.० आला. त्यात ॲक्टिव्हएक्स नव्हतेच. त्या दिवशीची तुलना अगदी सोपी होती, फायरफॉक्स स्पष्टपणे सरस.

मग आपण का नाही बदललो?

याचे उत्तर तंत्रज्ञानाच्या इतिहासांत सापडत नाही, कारण ते इंग्रजी वाचणाऱ्यांनी लिहिलेले असतात. आपले उत्तर आहे फॉन्ट. त्या काळी बहुतेक मराठी वृत्तपत्रांच्या साइट युनिकोडमध्ये नव्हत्या. प्रत्येकाचा स्वतःचा फॉन्ट, स्वतःची अक्षरांची मांडणी. आत साठवलेली अक्षरे असत इंग्रजी, वर फॉन्टचे पांघरूण मराठी. वाचकाला फॉन्ट उतरवून घ्यायला लागू नये म्हणून 'डायनॅमिक फॉन्ट' नावाची सोय आली. पानाबरोबर फॉन्टही आपोआप यायचा. पण मायक्रोसॉफ्टने काढलेला तो प्रकार चालायचा फक्त एक्सप्लोररमध्ये. फायरफॉक्समध्ये तेच पान उघडले की बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा. बरे, युनिकोडमधली पाने तरी नीट दिसतील म्हणावे, तर विंडोज एक्सपीत जोडाक्षरांचा आधार वेगळा चालू करावा लागे, आणि तो करायला गेले की संगणक मूळ सीडी मागे. कॅफेतल्या संगणकाची मूळ सीडी! (हशा) हसताय म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे.

नागार्जुन वेन्ना यांनी फायरफॉक्ससाठी 'पद्मा' नावाची जोड लिहिली होती. ती असे जुने फॉन्ट वाचून त्यांचे युनिकोड करायची. आम्ही ती वापरली आहे आणि तिचे उपकार मानतो. पण किती जणांना ती माहीत होती? सकाळी गावाकडची बातमी वाचायची असेल तर निळा 'ई' उघडायचा, हा सरळ हिशेब होता. ज्या भाषेत बातमी वाचायची, त्या भाषेनेच आपल्याला सगळ्यात कमकुवत दाराशी बांधून ठेवले. भाषेचा प्रश्न हा सुरक्षिततेचा प्रश्न असतो असे आम्ही म्हणतो तेव्हा लोकांना ते अभिमानाचे भाषण वाटते. आमच्या डोळ्यासमोर मात्र हा फॉन्ट असतो.

फॉन्टचा प्रश्न युनिकोडने हळूहळू सुटला. तोवर दुसरी बेडी तयार झाली होती, डिजिटल सहीची. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला कायदेशीर मान्यता दिली आणि पुढे सरकारी निविदा ऑनलाइन झाल्या. ठेकेदारांच्या खिशात यूएसबी टोकन आले. ही सही ब्राउझरमधून करायची तर जावाचे ऍपलेट चालावे लागे. आणि जावाची ती जोडणी म्हणजे ॲक्टिव्हएक्सची चुलत बहीण. हल्लेखोरांचे लाडके लक्ष्य.

ब्राउझर बनवणाऱ्यांनी ती जोडणी काढून टाकायचे ठरवले. क्रोमने २०१५ च्या सप्टेंबरमध्ये ती पूर्ण काढली, फायरफॉक्सने २०१७ च्या मार्चमध्ये. सुरक्षिततेच्या दृष्टीने दोघांचे अभिनंदनच करायला हवे. पण आपल्याकडे त्याचा परिणाम काय झाला? निविदा भरून देणाऱ्या दुकानांत एक खास संगणक निघाला. त्यावर जुना ब्राउझर, जुने जावा, अपडेट कायमचे बंद, आणि वर चिठ्ठी: 'अपडेट करू नये'. ज्या यंत्रावर लाखांच्या निविदांच्या सह्या होतात तेच यंत्र सगळ्यात उघडे. आम्ही असे संगणक एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिले आहेत. दुकानदाराला दोष द्यावासा वाटत नाही. निविदेची वेळ दुपारी तीनला संपते आणि पान उघडत नाही, तेव्हा माणूस जे करेल तेच त्यांनी केले. ब्राउझरने दार बंद केले, पण सरकारी पानाने दुसरे दार वेळेवर उघडून दिले नाही. मधली काही वर्षे ओढाताणीची गेली.

आता ओळखीचा मुद्दा. हा आजचा मुख्य भाग आहे, आणि तो जालनेकरांना समजावून सांगणे सोपे आहे. 'जालना सोने का पालना' म्हणतात, पण गेली साठ वर्षे हा पाळणा बियाण्यांचाही आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथेच महिको सुरू केली, आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यामुळे बियाण्याच्या पिशवीवरचा टॅग म्हणजे काय, हे इथे शाळकरी पोरालाही कळते. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो. शेतकरी दाणा फोडून त्याचा वाण ओळखू शकत नाही, म्हणून तो टॅगवर विश्वास ठेवतो. टॅगवर विश्वास म्हणजे अकोल्याच्या बीज प्रमाणीकरण यंत्रणेवर विश्वास. आता कल्पना करा, टॅग अस्सल आहे, पण टॅग छापायच्या यंत्रापर्यंतच चोर पोहोचला आहे. पिशवीत बोगस बियाणे, वर खरा टॅग. शेतकऱ्याने कितीही निरखून पाहिले तरी काय उपयोग?

वेबसाइटचेही हेच आहे. 'मी अमुक बँक आहे' असे सांगणारे प्रमाणपत्र तिच्याकडे असते, आणि ते देणाऱ्या संस्था ठरलेल्या असतात. कोणत्या संस्थांचा टॅग खरा मानायचा याची यादी ब्राउझरच्या किंवा विंडोजच्या पोटात असते. आपण ती यादी कधी बघत नाही. खरे तर ब्राउझर निवडतो तेव्हा आपण ती यादीच निवडत असतो.

२ जुलै २०१४ रोजी गूगलच्या लक्षात आले की गूगलच्याच काही पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघालेली आहेत. ती कोणी काढली होती? आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या प्रमाणपत्र शाखेच्या नावावर ती निघाली होती. एनआयसीचा अधिकार येतो भारताच्या प्रमाणन नियंत्रकाकडून, आणि नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या यादीत होते. नियंत्रक कार्यालयाने दुसऱ्याच दिवशी एनआयसीची संबंधित प्रमाणपत्रे रद्द केली. एनआयसीची प्रमाणपत्र देण्याची प्रक्रियाच भेदली गेली होती असे त्यांनी कळवले, आणि चुकीची प्रमाणपत्रे चार असल्याचे सांगितले. तीन गूगलच्या पत्त्यांची, एक याहूचे.

या एका प्रसंगात ब्राउझरांची जी तुलना झाली ती कोणत्याही प्रयोगशाळेत झाली नसती. एक्सप्लोरर विंडोजची यादी मानायचा, म्हणून त्याच्या दृष्टीने ही प्रमाणपत्रे अस्सल. विंडोजवरचा क्रोमही विंडोजचीच यादी मानत होता, पण गूगलच्या स्वतःच्या साइटचा खरा ठसा त्याच्या आत वेगळा नोंदवलेला होता, म्हणून त्या पत्त्यांपुरता तो फसला नसता. इतर साइटच्या बाबतीत मात्र त्याला ते संरक्षण नव्हते. फायरफॉक्स आपली यादी स्वतः राखतो आणि भारतीय नियंत्रक तिच्यात नव्हताच. त्यामुळे फायरफॉक्सवर परिणाम शून्य. मॅकवरचा किंवा अँड्रॉइडवरचा क्रोम? त्यावरही नाही, कारण त्या यंत्रणांच्या यादीत हे नाव नव्हते. तोच क्रोम विंडोजवर एक आणि फोनवर दुसरा.

गूगलने ८ जुलैला हे जाहीर केले, आणि पुढे क्रोमने भारतीय नियंत्रकाच्या प्रमाणपत्राला सात नावांची चौकट घातली. त्यात जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन, रिझर्व्ह बँकेचा पत्ता आणि आणखी काही. मायक्रोसॉफ्टनेही त्याच आठवड्यात आपली यादी दुरुस्त केली. 'आमच्या देशाच्या टॅगला परदेशी कंपनीने कुंपण घालायचे कोण?' असा प्रश्न त्या वेळी अनेकांना पडला. प्रश्न रास्त आहे. पण टॅगयंत्र फुटले होते हेही खरे आहे, आणि आम्हाला आधी त्याची लाज वाटते, मग परदेशी कंपनीचा राग येतो.

याचा जालन्यातल्या सेतू केंद्राशी संबंध काय, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे. ज्या सरकारी साइटचा टॅग ब्राउझरच्या यादीत बसत नव्हता, किंवा ज्याची मुदत संपलेली होती, तिथे पडदाभर लाल इशारा यायचा. 'हे कनेक्शन सुरक्षित नाही.' आणि चालक काय करायचे? 'ॲडव्हान्स्ड' दाबायचे, मग 'पुढे जा'. नव्या मुलाला कामावर घेतले की पहिल्याच दिवशी हे शिकवले जायचे. "लाल पान आलं तर घाबरू नको, खाली बारीक अक्षरात दाब." इशारा ही ब्राउझरची सगळ्यात महत्त्वाची देणगी. ती निकामी करायला कोणी हल्लेखोर लागला नाही. आपल्याच साइटनी लोकांना ती सवय लावली. पुढे परिस्थिती सुधारली. सरकारी साइट जगभर मान्य असलेली प्रमाणपत्रे घेऊ लागल्या, आणि २०१८ च्या जुलैपासून क्रोमने साध्या एचटीटीपी पानांवर 'असुरक्षित' असा शिक्का मारायला सुरुवात केली, तेव्हा उरलेल्यांनाही जाग आली. पण बोटाला लागलेली सवय लगेच जात नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने देशी ब्राउझर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली. बक्षिसे एकूण ३ कोटी ४१ लाखांची. बातम्यांत 'स्वदेशी क्रोम' म्हणून तिची चर्चा झाली, पण अटी बघा. ब्राउझरमध्ये स्वतःची विश्वासू यादी हवी आणि तीत भारतीय नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र हवे. टोकनने डिजिटल सही करता आली पाहिजे. आत्ता आपण ज्या दोन बेड्या पाहिल्या, त्याच दोन. २०२५ च्या मार्चमध्ये निकाल लागला आणि पहिले एक कोटीचे बक्षीस झोहोला मिळाले. त्यांचा 'उला' आज उपलब्ध आहे. त्याचे इंजिन क्रोमचेच आहे, यात कमीपणा काही नाही, एजही तसाच आणि ब्रेव्हही तसाच. आमचे मत विचाराल तर यादीत आपले नाव असणे चांगले, पण ते टिकवायला टॅगयंत्राची राखण तितकीच कडक लागते. २०१४ चा धडा त्या राखणीचा आहे.

मोबाइलचा इतिहास थोडक्यात सांगतो, पण तो टाळता येणार नाही, कारण जाफराबाद-मंठ्याकडच्या बहुतेकांनी इंटरनेट पहिल्यांदा पाहिले ते फोनवर. टूजीचे दिवस, पैसे केबीच्या हिशेबाने. ऑपेरा मिनी हा त्या काळचा देवदूत. पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर जायचे, तिथे दाबून लहान व्हायचे, मग फोनवर यायचे. पैसे वाचत, पण पान लहान करायचे म्हणजे ते मधे उघडावे लागते. बँकेचे कुलूपबंद पानसुद्धा मधल्या माणसाच्या हातात उघडे व्हायचे. ऑपेराने हे लपवले नव्हते. नोकियाच्या बाबतीत मात्र जानेवारी २०१३ मध्ये गौरांग पंड्या या भारतीय तज्ज्ञाने आपल्या आशा फोनची वाहतूक तपासून दाखवले की नोकियाचा ब्राउझरही कुलूपबंद पाने आपल्या सर्व्हरवर उघडतो. कंपनीने मान्य केले, आणि पद्धत बदलली.

मग आला यूसी ब्राउझर. अलीबाबाच्या मालकीचा, हलका, क्रिकेटचे स्कोअर दाखवणारा. काही काळ तो भारतातल्या मोबाइलवर सगळ्यांत जास्त चालणारा ब्राउझर होता. टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने २०१५ च्या मे महिन्यात त्याची तपासणी प्रसिद्ध केली. चिनी आवृत्ती फोनची ओळख आणि ठिकाण नीट न झाकता पाठवत होती, आणि इंग्रजी आवृत्तीतून केलेला शोध उघड्यावर जात होता. २९ जून २०२० ला सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली त्यात यूसीही गेला. बंदीची कारणे सीमेवरची होती, पण उघड्या वाटेची माहिती त्याआधी पाच वर्षे जाहीर होती. ती मराठीत कोणी सांगितली नाही.

आता ओसरी. इथे श्रेय क्रोमला द्यायलाच हवे. २ सप्टेंबर २००८ ला आलेल्या क्रोमने प्रत्येक पान वेगळ्या बंदिस्त खोलीत चालवायला सुरुवात केली. एका पानाने गडबड केली तरी बाकीचे घर शाबूत. २०१८ मध्ये प्रोसेसरमधलाच स्पेक्टर नावाचा दोष उघड झाल्यावर क्रोमने एकेका साइटला स्वतंत्र खोली दिली. फायरफॉक्सला डेस्कटॉपवर ते करायला २०२१ ची अखेर लागली. म्हणजे या बाबतीत फायरफॉक्स तीन वर्षे मागे होता, हे आमच्यासारख्या जुन्या फायरफॉक्सप्रेमींनीही कबूल केले पाहिजे. पण फोनवर काय झाले बघा. २०१९ मध्ये अँड्रॉइडवरच्या क्रोमला ही सोय मिळाली, ती २ जीबी किंवा अधिक रॅम असलेल्या फोनवर, आणि मुख्यतः जिथे पासवर्ड टाकतो त्या साइटपुरती. स्वतंत्र खोल्यांना जागा लागते, स्वस्त फोनात जागा नसते. क्रोम तोच, निशाणी तीच, पण स्वस्त फोनवाल्याला भिंत कमी. पुन्हा निवड पैशाने केली.

तर ते एक वाक्य. आजच्या तारखेला, अपडेट चालू असलेल्या यंत्रावर क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी यांतला कोणताही घ्या. त्यांच्यातला फरक हा अपडेट केलेल्या आणि न केलेल्या ब्राउझरमधल्या फरकापुढे किरकोळ आहे. खाजगीपणाचा विचार केला तर आम्ही फायरफॉक्सकडे झुकतो, भिंतींचा विचार केला तर क्रोमच्या घराण्याकडे. आणि कोपऱ्यातल्या कुलपाच्या चित्रावर जाऊ नका. ते म्हणजे फक्त वाट झाकलेली आहे. झाकल्या वाटेने चोराच्या घरीही जाता येते. क्रोमने २०२३ मध्ये ते चित्रच काढून टाकले, ते याच कारणाने.

वेळ संपत आली आहे. एक प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या ताई भोकरदन तालुक्यात केंद्र चालवतात. त्या विचारतात, "माझ्याकडे दोन कॉम्प्युटर आहेत, एक विंडोज सातचा. दिवसभर लोकांचे सातबारे, पीकविमा, केवायसी चालू असतं. ब्राउझर विचारतो पासवर्ड सेव्ह करू का, पोरं हो म्हणतात. काही झालं तर नाव माझं येणार. मी काय करू?"

ताई, तुमच्या प्रश्नात पूर्ण व्याख्यान आले. विंडोज ७ चा संगणक आधी. क्रोमने २०२३ च्या सुरुवातीला त्याला निरोप दिला, १०९ ही शेवटची आवृत्ती. फायरफॉक्सने त्याच्यासाठी ११५ ही आवृत्ती त्यानंतरही बराच काळ दुरुस्त करत ठेवली. म्हणून आज त्यावर काही उघडायचेच असेल तर क्रोम नको. पण खरे म्हणजे त्यावरून फक्त प्रिंट काढा, लॉगिन कोणाचेच नको. दुसऱ्या संगणकावर ग्राहकाचे काम क्रोमच्या अतिथी खिडकीत करा. सगळ्या अतिथी खिडक्या बंद केल्या की आधीचे लॉगिन राहत नाही, त्यामुळे ग्राहक उठला की खिडकी बंद, पुढच्यासाठी नवी. तुमचे स्वतःचे केंद्राचे लॉगिन वेगळ्या विंडोज खात्यात ठेवा, त्याला पासवर्ड लावा, आणि तो पोरांना सांगू नका. पासवर्ड साठवायचेच असतील तर फायरफॉक्समध्ये त्यावर आणखी एक मुख्य पासवर्ड लावता येतो. क्रोम त्या बाबतीत विंडोजच्या पासवर्डवर विसंबतो, आणि आपल्याकडे विंडोजला पासवर्डच नसतो. आणि आधीचे साठलेले आहेत ना, ते आज रात्रीच सेटिंगमध्ये जाऊन पुसा. किती लोकांचे निघतात ते मोजा, तुम्हीच चकित व्हाल.

"आणि ओटीपी? म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही, ते फोनच माझ्या हातात देतात."

मग मेसेजमधला फक्त आकडा वाचू नका. त्याच्या आधीचे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा, इंग्रजीत असेल तर मराठीत सांगा. "आजी, हा आधारच्या केवायसीचा आहे, पैसे काढायचा नाही. टाकू का?" त्यांनी हो म्हटले की टाका. रांग लांब असते हे आम्हाला मान्य आहे, पण याला दहा सेकंद लागतात.